जुन्या फ्लेक्सचा कंदील

१६ एप्रिल

हॉस्पिटलच्या समुपदेशक बाई म्हणाल्या, लिहीत जा, डोक्यातलं बाहेर येतं. मला पाटबंधारे खात्यातल्या टिपण्या लिहायची सवय. तशीच सुरुवात करतो.

तेजस, माझा मुलगा, वय आठ. अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. म्हणजे त्याच्या हाडांतला मॅरो रक्त तयार करायचा थांबला आहे. दिवाळीपासून लोकांच्या रक्तावर चाललंय. औषधं लागू पडली नाहीत. काल निकिताचा मॅरो काढून त्याला चढवला. निकिता त्याची मोठी बहीण, चौदा वर्षांची. तपासणीत पूर्ण जुळली. मला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल. नेहमीच्या रक्ताच्या पिशवीसारखीच एक पिशवी होती, हळूहळू रिकामी झाली.

शैला तेजसबरोबर आत आहे. तो बरा होईपर्यंत तिने त्या खोलीतून बाहेर यायचं नाही. आम्ही पॅसेजमध्ये उभे राहतो, मध्ये जाड काच, भिंतीवर फोन. त्यावर बोलायचं.

आज निकिताला विश्रांतवाडीला घरी आणलं. कमरेत दुखतंय, एका बाजूवर भार देऊन बसते. माझी बहीण सोनाली शिरा घेऊन आली होती. शेजारच्या बायका जमल्या, तेव्हा तिने निकिताला जवळ घेऊन सगळ्यांना सांगितलं, हिने भावाला जीवदान दिलं. निकिता उठून आत गेली. थकली असणार.

परवा जयंती झाली. बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, एवढंच. तेजसला तेव्हा केमो चालू होती. त्याने शैलाला विचारलं होतं, आपला निळा कंदील लावला का. ती म्हणाली, पौर्णिमेला लावू. यंदा बुद्धपौर्णिमा एक मेला आहे.

१९ एप्रिल

रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा काउंट जवळजवळ शून्य. डॉक्टर श्रीनिवास म्हणाले, हे अपेक्षितच आहे, जुना मॅरो आम्हीच औषधांनी पुसून टाकलाय, नवीन रुजायला साधारण तीन आठवडे लागतात. रुजला की काउंट वर यायला लागेल. तोवर त्याच्या अंगात लढायला काहीच नाही.

तोंडात फोड आलेत. थुंकी गिळता येत नाही. नळीने दूध चाललंय. बोलणं बंद.

निकिताने जेवताना विचारलं, पप्पा, मॅरोबरोबर जंतू जातात का. मी म्हटलं, जीवशास्त्राच्या बाईंना विचार. या वयात विज्ञानाची गोडी लागली तर चांगलंच आहे. बीट आणि खजूर आणायला सांगितले होते तिने. रक्त चांगलं होतं म्हणाली. येताना मंडईत उतरून घेतले.

२१ एप्रिल

शैलाचा फोन. आवाज असा की मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

"अहो, त्याने भिंतीकडे तोंड केलंय. कालपासून. मी बोलते तर डोळे मिटतो. काहीतरी आणा घरातलं. त्याच्या ओळखीचं. नवीन काही नको, त्याला इथलं सगळं नवीनच आहे."

मी म्हटलं, आत काही जात नाही. ती म्हणाली, तेच तर, तुम्ही बघा.

संध्याकाळी वॉर्डच्या मोठ्या सिस्टरना भेटलो. त्यांनी ऐकून घेतलं. खोलीत काहीही जाणार नाही. काचेच्या आमच्या बाजूला, पॅसेजमध्ये, पौर्णिमेपुरतं काही टांगायला हरकत नाही. पण कागद नको, कापड नको, बांबू नको, माती नको, फुलं तर नकोतच. जे धूळ धरतं किंवा ज्याचा भुगा पडतो असं काही चालणार नाही. प्रत्येक वस्तू आम्ही स्पिरिटने पुसणार. पुसल्यावर टिकली तर लावा.

जिना उतरताना विचार करत होतो, आमच्या सजावटीत याशिवाय दुसरं असतं काय.

२२ एप्रिल

माळ्यावरचे खोके काढले. शैला काही फेकत नाही. बारा-पंधरा वर्षांच्या जयंत्या आणि पौर्णिमा त्यात होत्या. पताकांच्या गुंडाळ्या, कडा करपलेल्या. थर्माकोलचं धम्मचक्र, चार आरे तुटलेले. पांढऱ्या साटीनच्या झालरी. लायटिंगच्या माळा, एकमेकींत अडकलेल्या. निकिताने चौथीत प्लॅस्टिकच्या चमच्यांची केलेली कमळं. आणि निळा कंदील. बांबूच्या कामट्या आणि निळा जिलेटीन कागद. माझ्या वडिलांनी, आबांनी, बांधलेला. तेजस जन्मला त्या वर्षी, जायच्या आधी. दरवर्षी कागद बदलतो, सांगाडा तोच.

निकिता जमिनीवर बसून दोन ढीग करत होती. पुसता येईल आणि पुसता येणार नाही. दुसरा ढीग इतका मोठा झाला की मला ते बघवेना. ती म्हणाली, पप्पा, मी करते. सगळं घरातलंच वापरायचं, नवीन काही आणायचं नाही. तिचा आवाज जरा कडक होता. शैलासारखा.

मी तिला म्हटलं, एवढं मनावर घेऊ नकोस. तिने वर न बघता विचारलं, आज काउंट किती आला. मी सांगितलं. ती हातातली माळ सोडवत राहिली.

२४ एप्रिल

पहिला प्रयत्न फुकट गेला.

बांबू चालणार नाही म्हणून कंदिलाचा आकार तारेत करायचं ठरवलं. कपड्यांचे जुने हँगर सरळ केले. मी पक्कड धरली, निकिताने आबांचा सांगाडा समोर ठेवून एकेक कोन त्याच्यावर लावून बघितला. आठ कोनांची चांदणी झाली. हुबेहूब. जिलेटीन नावालाच कागद, असतो प्लॅस्टिकसारखा, म्हणून जुनाच काढून तिच्यावर चढवला. टिकल्या लावल्या. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

मग निकिता म्हणाली, पुसून बघू. फडक्यावर स्पिरिट घेऊन एकदाच फिरवलं. जिलेटीनचा निळा रंग फडक्यावर आला, टिकल्यांचा सोनेरी मुलामा गेला, आणि एका कोनाशी कागद टरकन फाटला.

ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. बेसिनपाशी जाऊन हात धूत राहिली. बराच वेळ. मी हाक मारली तेव्हा नळ बंद केला. हल्ली फार स्वच्छता पाळते. हॉस्पिटलचं वळण.

रात्रीचं जेवण सोनालीच्या डब्यातलं. निकिता आमटी-भात खाल्ला म्हणाली. डबा तेवढाच भरलेला वाटला, पण मी तिच्यावर लक्ष ठेवून नव्हतो.

२५ एप्रिल

तेजसला ताप. एकशे तीनच्या पुढे. थंडी वाजून दात आपटत होते, काचेतून दिसत होतं. तीन सिस्टर आत, शैला कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. फोन तिच्या हाताला येत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, रक्तात जंतू गेलेत असं वाटतं, तपासणीला पाठवलंय, अँटिबायोटिक बदललं.

मी बुद्धवंदना म्हणायला लागलो आणि मध्येच विसरलो. लहानपणापासून पाठ असलेली.

घरी आल्यावर निकिताला सांगितलं. ती पांढरी पडली. विचारलं, जंतू कुठून गेले. मी म्हटलं, मला काय माहीत. जरा ओरडूनच म्हटलं.

२६ एप्रिल

ताप तसाच. लिहायला काही नाही. मला काही सुचत नाही. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून राहिलो आणि लक्षात आलं की किल्ली लावलेलीच नाही.

२७ एप्रिल

निकिताला फ्लेक्स सापडले. आमच्या इमारतीच्या जयंती मंडळाचे जुने बोर्ड मच्छिंद्र भाऊंच्या गाळ्यात गुंडाळून ठेवलेले असतात. ती एकटीच जाऊन मागून आली. जाड, चकचकीत, चारी बाजूंनी रुंद निळा काठ. स्पिरिटने घासून बघितलं. रंग हलला नाही.

बाबासाहेबांचा फोटो असलेला भाग तिने आधी नीट कापून वेगळा केला, गुंडाळून कपाटावर ठेवला. नावांचा मजकूर बाजूला. फक्त निळा काठ घेतला. मच्छिंद्र भाऊ मागोमाग आले होते. त्यांनी ते बघितलं आणि म्हणाले, भावासाठी किती करतेस, बाकी काही लागलं तर सांग बाळा. ते गेल्यावर निकिता मला म्हणाली, पप्पा, लोकांनी मला असं काही म्हणू नये. मी विचारलं, कसं. ती म्हणाली, काही नाही.

निळे त्रिकोण तारेच्या चांदणीवर बसवले. शिवायचं कशाने हा प्रश्न होता. दोऱ्याला धूळ धरते. तिने जुन्या लायटिंगच्या माळांमधली तांब्याची बारीक तार काढली आणि तिनेच टाके घातले. चमच्यांची कमळं साबणाने धुतली, त्यातली पाच कंदिलाखाली झुबक्यासारखी लावली. झालरीच्या जागी मण्यांच्या तोरणातले मणी, त्याच तारेत ओवून. दोन दिवस ती शाळेत गेलेली नाही. परीक्षा आहे हे मला आज आठवलं. म्हटलं, राहू दे. तिच्या हातांना ते काम आहे.

बोटांना टोचून टोचून रक्त आलं होतं. मी चिकटपट्टी दिली तर म्हणाली, थोडंसंच आहे, पप्पा, एवढ्याने कमी होत नाही ना.

मी म्हटलं, कशाने कमी होतं, वेडी.

२८ एप्रिल

काउंट अजून शून्याजवळच. ताप थोडा उतरला. मी डॉक्टरांना गाठून विचारलं, रुजला नाही तर काय. ते म्हणाले, अजून वेळ आहे, हा विचार आत्ता नको. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, अगदीच नाही उठला तर पुन्हा द्यावा लागतो. पण आत्ता नको.

संध्याकाळी सोनालीला फोनवर तेच सांगत होतो. म्हटलं, निकिताचा मॅरो धरत नाहीये. आवाज मोठा झाला असेल. निकिताच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं.

२९ एप्रिल

आज जे झालं ते नीट लिहितो.

दुपारी ऑफिसातून घरी आलो तर निकिता नव्हती. कंदील टेबलावर, पूर्ण झालेला. मोबाइल घरीच. मच्छिंद्र भाऊंना विचारलं, तिच्या मैत्रिणींकडे विचारलं. सोनाली म्हणाली, नदीवर बघ, आणि स्वतःच रडायला लागली. मी पुलापर्यंत गेलो. नदीकडे बघायची हिंमत झाली नाही, तरी बघितली.

तेवढ्यात हॉस्पिटलमधून मोठ्या सिस्टरचा फोन आला. मुलगी इथे आहे, सुखरूप आहे, या.

ती बसने गेली होती. ट्रान्सप्लांटच्या मजल्यावर डॉक्टर श्रीनिवासांच्या केबिनबाहेर सकाळपासून बसलेली. काही खाल्लं नव्हतं. मी पोचलो तेव्हा ती त्यांच्यासमोर उभी होती. मला बघून थांबली नाही.

"दुसऱ्या बाजूने काढा," ती डॉक्टरांना म्हणत होती. "त्या वेळी मागून काढला. अजून असेल ना. आता माझा घसा बरा आहे."

डॉक्टरांनी विचारलं, घसा म्हणजे.

"आदल्या दिवशी माझा घसा दुखत होता. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढे ढकललं असतं. मम्मी म्हणाली होती, आता एक दिवससुद्धा पुढे जायला नको. म्हणून नाही सांगितलं. त्याचा ताप माझ्यामुळे आलाय. माझ्यातलंच खराब गेलंय त्याच्यात."

मी दारात उभा होतो. बसायला खुर्ची होती, पण बसलो नाही.

डॉक्टरांनी तिला बसवलं. स्वतः टेबलामागून उठून तिच्या शेजारच्या खुर्चीत आले. एक कागद काढून तिला दाखवला. त्याच्या रक्तात सापडलेला जंतू हा. हा घशात राहत नाही, आतड्यात राहतो. तुझ्या नाही, त्याच्याच. प्रत्येकाच्या पोटात असतो, अंगात पेशी नसल्या की रक्तात शिरतो. तू पलीकडच्या गावात बसली असतीस तरी शिरला असता. आणि त्याला आता औषध लागू पडलंय.

"मग रुजत का नाही?"

"वेळ झालेली नाही म्हणून."

"आणि नाहीच रुजला तर? तो कोणाचा दोष?"

"आजाराचा," डॉक्टर म्हणाले. "निकिता, तुझं काम पंधरा तारखेला संपलं. त्यानंतरचं सगळं आमचं. पुन्हा लागलं तर आम्ही विचारू, आणि तेव्हाही तू नाही म्हणू शकतेस."

ती म्हणाली, "नाही म्हणता येतं?"

"येतं. त्याही वेळी येत होतं. तुला कोणी सांगितलं नाही का?"

तिने माझ्याकडे बघितलं. तक्रार नव्हती. खरंच विचारत होती, सांगितलं होतं का. मला आठवेना. मग आठवलं की तिला कोणी विचारलंच नव्हतं. जुळली असा रिपोर्ट आला त्या दिवशी शैला आणि मी इतके रडलो होतो की ती जाऊन पाणी घेऊन आली होती. ज्या कागदांवर सह्या लागत होत्या तिथे आम्ही केल्या.

तिला स्कूटरवर मागे बसवून घरी आणलं. सबंध रस्ता मी वाक्यं जुळवत होतो. तू कोणाचं औषध नाहीस, माझी मुलगी आहेस, असं काहीतरी. ते मी तिला म्हणालो, असं इथे लिहावंसं वाटतं. प्रत्यक्षात रसाच्या गाड्यापाशी थांबून विचारलं, रस पिणार का. ती म्हणाली, बर्फ नको. पूर्ण ग्लास प्यायली. मग माझाही अर्धा.

३० एप्रिल

शैलाला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिला काचेपाशी आणा. मला बघायचंय तिला.

काउंट तसाच.

१ मे

सकाळी पांढरे कपडे घातले, त्रिशरण-पंचशील म्हटलं, आणि हॉस्पिटलला गेलो. सिस्टरनी कंदील हातात घेऊन सगळीकडून पुसला. कमळं, मणी, तारेचे टाके, सगळं. काही सुटलं नाही, रंग गेला नाही. त्या म्हणाल्या, कोणी केला. मी निकिताकडे बोट दाखवलं. त्या फक्त म्हणाल्या, हात चांगला आहे. मला वाटतं तेच बरं झालं.

पॅसेजच्या छताच्या कडीला टांगला. आत जुनी लाइट. निळा उजेड काचेवर पडला आणि पलीकडे त्याच्या पांघरुणावर.

तेजस भिंतीकडे तोंड करून झोपलेला. शैलाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने खांदा आक्रसून घेतला. आम्ही तासभर उभे होतो. वळला नाही.

शैलाने मग फोन घेतला आणि निकिताला मागितलं. त्या दोघी काय बोलल्या मला ऐकू आलं नाही. निकिताने कपाळ काचेला टेकवलं होतं, शैलाने पलीकडून तिथेच तळहात ठेवला होता. सिस्टरनी बघितलं आणि काच नंतर पुसू म्हणाल्या.

परत येताना मला वाटत होतं, हे सगळं कशासाठी केलं. दहा दिवस तारा वाकवल्या, आणि मुलगा वळूनही बघत नाही. आज पहिल्यांदा मनात स्पष्ट आलं की तो जाईल. इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे बोलणार.

३ मे

सिस्टरनी कंदील काढला नाही. पौर्णिमेपुरताच म्हणाल्या होत्या. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी मी आणि निकिता काचेपाशी उभे होतो. तेजस उताणा झोपला होता, डोळे उघडे. ताप नाही. शैला ओल्या कापसाने त्याचे ओठ पुसत होती. त्याची नजर कंदिलावर होती, की छतावर, सांगता येत नव्हतं. मग त्याने शैलाला हाताने खूण केली. तिने फोन त्याच्या कानाशी धरला आणि निकिताला इकडे उचलायला सांगितला. मी कान जवळ नेला.

इतक्या दिवसांनी त्याचा आवाज. घोगरा, म्हाताऱ्यासारखा.

"ताई, वाकडा आहे."

निकिता म्हणाली, "काय वाकडा आहे?"

"कंदील. डावीकडे."

ती स्टुलावर चढली. एक कोन उजवीकडे फिरवला. खाली उतरून फोन घेतला.

"आता?"

"अजून."

पुन्हा चढली. असं चार-पाच वेळा झालं. शेवटी तो म्हणाला, राहू दे, तुला नाही जमत. निकिता हसली, आणि हसता हसता तिथेच जमिनीवर बसून रडायला लागली, मोठ्याने, लहान मुलासारखी. पॅसेजमधले लोक बघत होते. मी तिच्या शेजारी खाली बसलो. गुडघे दुखतात माझे, तरी बसलो. आत तेजस शैलाला विचारत असणार ताई कुठे गेली, कारण शैला मान उंचावून काचेतून खाली बघत होती.

काउंट आजही नाही.

६ मे

दुपारी ऑफिसात शैलाचा फोन आला. काउंट वर आलाय. काल थोडा होता, तिने सांगितलं नाही, भीती वाटली म्हणाली. आज कालच्या दुप्पट. डॉक्टर म्हणाले, रुजतोय. पुढे अडचणी येऊ शकतात, नवीन मॅरो अंगाशी भांडू शकतो, महिनोन्महिने सांभाळावं लागेल. पण रुजतोय. शैला एवढं बोलली आणि पुढे तिला बोलवेना. दोघांनी नुसता फोन धरून ठेवला.

साहेबांना सांगून निघालो. निकिताला फोन केला नाही. समोर जाऊन सांगायचं होतं. सिग्नलला थांबलो की ते वाक्य मनात म्हणत होतो, निकिता, रुजतोय. मग वाटलं, असं नको, तिला पुन्हा वाटेल की तिचंच काम झालं. तेजसचा काउंट वाढलाय, एवढंच सांगू. बहिणीला सांगतात तसं.

दार किल्लीने उघडलं. हाक मारणार होतो.

ती बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपली होती. पंखा चालू, एक हात खाली लोंबकळलेला, तोंड किंचित उघडं. शेजाऱ्यांच्या कुकरची शिट्टी झाली, त्यांच्याकडे काहीतरी पडलं, तरी हलली नाही. डोळ्यांखाली काळं आहे, ते मी आज पहिल्यांदा बघितलं. किती दिवसांनी अशी झोपली असेल, मला माहीत नाही. विचारलंच नव्हतं.

चपला दारातच काढल्या. खुर्ची न सरकवता खाली बसलो आणि हे लिहितोय. सोनालीचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत.

उठली की सांगेन.